ग्वाल्हेरात राहून बीएला इतिहास घ्यावा का?

गोठवाली

आपल्या मंडळाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तिघींनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून सगळं एकदाच इथे लिहिते. ई-प्रवेशच्या, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन प्रवेशाच्या, फेऱ्या चालू आहेत, बारावीचा निकाल हातात आहे, मुलगी इतिहास म्हणतेय आणि घरात कुणाला झोप नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्याही घरी हेच चाललं होतं. बाबा म्हणत होते कॉमर्स घे, आत्या म्हणत होती इतिहासच घ्यायचा तर निदान पुण्याला पाठवा. दोन्ही झालं नाही. मी इथल्याच एका लहान विद्यापीठात इतिहास मुख्य विषय घेऊन बीए केलं, आता एमएच्या पहिल्या वर्षाला आहे.

आधी वाईट ते सांगते. पटावर आम्ही अडतीस, वर्गात नऊ-दहा. विभागात कायमचे प्राध्यापक दोन, बाकी कारभार अतिथी विद्वानांवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीच्या शिक्षकांवर, आणि त्यांच्या नेमणुका होईपर्यंत दिवाळी उजाडायची. पहिल्या वर्षी प्राचीन भारताचा पेपर आम्हाला कुणी शिकवलाच नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हा एका सरांनी येऊन उत्तरं सांगितली, आम्ही ती उतरवून घेतली. विभागातली पुस्तकं काचेच्या कपाटांत होती, बाहेरून नावं वाचता यायची, पण किल्ली कधी सापडायची नाही. मुलं बाड्यावरच्या बाजारातून गेस पेपर आणायची आणि पास व्हायची. नुसती डिग्री हवी असेल तर ती एवढ्यावर मिळते. याचा मला आजही राग येतो, कारण माझ्याबरोबरच्या हुशार मुलींची तीन वर्षं अशीच गेली.

दुसऱ्या वर्षी एक मॅडम आल्या. त्याही अतिथी विद्वानच. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आम्हा दहा जणांना सकाळी साडेसहाला किल्ल्याच्या ग्वाल्हेर दरवाज्यापाशी बोलावलं. तिथून चढण चढताना वाटेत एकाच दगडात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. जन्मापासून किल्ला बघतेय, पण त्या मंदिरापाशी मी कधी पाच मिनिटं थांबले नव्हते. गाइड सांगतात, "जगातलं पहिलं शून्य इथे आहे", लोक फोटो काढतात आणि वर जातात. मॅडमनी आम्हाला त्या लेखासमोर बसवलं, हातात वही दिली आणि म्हणाल्या, अंक शोधा. अर्धा तास गेला. मग एका मैत्रिणीला दिसलं: दोन, सात, आणि त्यांच्या पुढे बाकीच्या अंकांपेक्षा लहान असं एक वर्तुळ. दोनशे सत्तर. देवाला दिलेल्या बागेची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोज ५० माळा द्यायच्या. विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६. प्रतिहार घराण्यातल्या भोज राजाचा काळ. बाहेर बसून आम्ही लेखाचं भाषांतर वाचलं. त्यात तेल्यांच्या आणि माळ्यांच्या प्रमुखांची नावं आहेत. राजांची नावं तर सगळीकडेच असतात. इथे दिव्याला तेल कोण देणार, फुलं कोण आणणार, हे अकराशे वर्षांपूर्वी नावानिशी लिहून ठेवलंय.

मी अगदी उत्साहाने म्हटलं, "मॅडम, जगातलं पहिलं शून्य!" त्यांनी शांतपणे विचारलं, "कशावरून?"

मला उत्तर देता आलं नाही. पंधरा दिवस शोधत होते. मग कळलं की कंबोडियात शके ६०५ चा, म्हणजे इसवी सन ६८३ चा एक शिलालेख आहे आणि त्यात शून्याच्या जागी टिंब आहे. आपला लेख त्याहून १९३ वर्षांनी नंतरचा. भारतातल्या तारखेनिशी सापडणाऱ्या शून्यांत तो फार जुना आहे, फार मोलाचा आहे, पण "जगातलं पहिलं" म्हणता येत नाही. इतिहास म्हणजे काय ते मला त्या पंधरा दिवसांत कळलं. त्याआधीचं सगळं पाठांतर होतं.

आता आपल्या घरांतली गोष्ट. आमच्या वर्गात मराठी बोलणारी मी एकटी. माध्यम हिंदी, पुस्तकं हिंदी ग्रंथ अकादमीची. पण शिंद्यांच्या राज्याचा बराचसा जुना व्यवहार मराठीत आणि मोडी लिपीत! तिसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता, तेव्हा आजीने माळ्यावरून एक रुमाल काढून दिला. लाल मांजरपाटात गुंडाळलेले बारा-पंधरा कागद. आजोबांनी तो जपला होता, पण वाचता त्यांनाही येत नव्हता. पुण्याच्या एका ताईंकडे व्हिडिओ कॉलवर चार महिने मोडी शिकले. आधी पानभर आडवी रेघ मारायची, मग अक्षरं तिला लटकवत जायची, ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडायचा नाही. पहिला कागद लागायला मला अकरा दिवस लागले. त्यात घोड्यांच्या चंदीचा हिशोब होता आणि साल होतं "सबा अशरीन मयातैन व अलफ". सात, वीस, दोनशे, हजार. सुहूर सन (मराठी दप्तरांत अरबी अंकनावांनी लिहायचं जुनं साल) १२२७, म्हणजे १८२६-२७. त्याच वर्षी मार्चमध्ये इथले महाराज दौलतराव शिंदे वारले. दरबारात वारसाची चिंता, आणि आमच्या गोठीत, म्हणजे जुन्या छावणीतल्या आमच्या वस्तीत, कुणीतरी दोन घोड्यांना रोज किती हरभरे घातले ते लिहीत होतं. तो कागद हातात धरून मी रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

म्हणून माझं उत्तर: घ्या. इथेच घ्या. पण वर्गात जे मिळेल तेवढ्यावर राहिलात तर काही हाती लागणार नाही. किल्ला आहे, गुजरी महालातलं संग्रहालय आहे, माळ्यावरचे रुमाल आहेत, आणि ते वाचायची भाषा आपल्या घरात रोज बोलली जाते. दिल्लीच्या मुलाला हे मिळायचं नाही.

थाटीपूरची आई

बाई गं, वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. विचारणाऱ्या तिघींतली एक मीच. पण मनातलं सांगते, आम्ही साधी नोकरदार माणसं. हिचे बाबा दोन वर्षांनी निवृत्त होतील. शिलालेख, मोडी सगळं खरं, पण पुढे काय? लोक विचारतात, इतिहास घेऊन काय करणार, आणि मला बोलता येत नाही.

वर्ग दोन

काकू, याचं उत्तर मी देतो. बीए इतिहास इथेच केलं, मग बीएड, मग शिक्षक पात्रता परीक्षा. आज सरकारी शाळेत माध्यमिकला सामाजिक विज्ञान शिकवतो. भरती दरवर्षी निघत नाही, मी चार वर्षं थांबलो, त्यात दोन वर्षं कोचिंगमध्ये तासांवर शिकवलं. मधली वर्षं कठीण होती, ती लपवत नाही.

बाकी वाटा अशा आहेत. एमपीपीएससीला, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाला, इतिहास पूर्व आणि मुख्य दोन्ही परीक्षांत आहे, यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून घेतला तर २५० गुणांचे दोन पेपर. पण हजारोंमधून मोजके निवडले जातात, तेव्हा मुलीला त्याच एका आशेवर घालू नका. एमए केलं तर प्राध्यापकीसाठी नेटची परीक्षा, किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेख व्यवस्थापनाचा एक वर्षाचा डिप्लोमा. मोडी येणारी माणसं कमी आहेत आणि कागद अफाट, त्यामुळे गोठवाली जे शिकल्या त्याला मागणी आहे. कॉमर्स करून इथे बसलेली मुलंही मी रोज बघतो. ज्या विषयाचं पुस्तक मुलगी रात्री अकराला स्वतःहून उघडते, त्यात ती टिकते. एवढं मी शिक्षक म्हणून खात्रीने सांगेन.

किल्लेदार

धागा चांगला आहे पण एक गोष्ट खटकली. शून्यामुळे आपल्या गावाचं नाव जगात होतंय, बाहेरून लोक येतात, चार गाइडांची पोटं भरतात. तुम्ही आपल्याच गावच्या मुलीने ते "पहिलं नाही" म्हणून जाहीर लिहायची काय गरज होती?

गोठवाली

दादा, तुमचं दुखणं मला कळतं, मलाही ते पंधरा दिवस फार वाईट वाटलं होतं. पण विचार करा, बाहेरचा कुणी अभ्यासक आला, त्याला कंबोडियाचं माहीत असलं, तर तो आपलं बाकीचं खरंही खोटं समजेल. आणि आपल्याकडे सांगायला कमी आहे का? २७० हातांची बाग कुठे असेल, रोजच्या पन्नास माळा कोण ओवत असेल, हे गाइडने सांगितलं तर माणूस तिथे अर्धा तास थांबेल. मी दोन गाइडदादांना भाषांतराची प्रत दिली आहे. त्यातले एक आता तेल्या-माळ्यांची नावं सांगतात आणि लोक खरंच थांबून ऐकतात.

सदाशिवपेठी

मी मूळचा ग्वाल्हेरचा, पुण्यात बीए इतिहास करतोय. धागालेखिकेबद्दल आदर आहे, पण "इथेच घ्या" हा सल्ला मला पटला नाही. इथे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पेशवे दप्तर आहे, आठवड्याला कुठे ना कुठे व्याख्यान असतं. शंका आली तर विचारायला दहा माणसं आहेत. तिथे तुम्हाला मॅडम भेटल्या हे तुमचं नशीब. ज्यांना नाही भेटल्या त्या अठ्ठावीस जणांचं काय? पैशाची सोय होत असेल तर मुलांना बाहेर पाठवावं.

गोठवाली

अठ्ठावीस जणांचा मुद्दा मनाला लागला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सोय होत असेल तर पुण्याला जरूर जावं, दप्तर तिथेच आहे, मलाही एमएच्या प्रबंधासाठी तिथेच यावं लागणार आहे. पण इथे विचारणाऱ्या बहुतेक घरांत ती सोय नाही. "पुणे नाही तर कॉमर्स" असं होऊ नये एवढ्यासाठी लिहिलं. आणि आपल्याकडे काही पूर्वी झालंच नाही असंही नाही. ग्वाल्हेर संस्थानाने १९१३ मध्ये स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं, मो. ब. गर्दे त्याचे प्रमुख होते. पवायाला, म्हणजे जुन्या पद्मावतीला, उत्खनन झालं, तिथली मणिभद्र यक्षाची मूर्ती आज गुजरी महालात उभी आहे, ग्यारसपूरच्या प्रसिद्ध शालभंजिकेच्या (स्त्रीमूर्तीच्या) संग्रहालयातच. मराठी माणसाने मराठी संस्थानात हे काम उभं केलं आणि आमच्या वर्गात तीन वर्षांत त्यांचं नाव एकदाही निघालं नाही. आनंदराव फाळक्यांनी "शिंदेशाही इतिहासाची साधने" ही जुन्या कागदांची पुस्तकं इथेच बसून छापली. ती माणसं पुण्याची वाट बघत थांबली नव्हती.

तू सुटीत येशील तेव्हा भेट. तुझ्या दहा माणसांपैकी एखाद्याशी माझी ओळख करून दे.

सदाशिवपेठी

दिवाळीत येतोय. नक्की.

नाना

मुली, माझं वय ब्याऐंशी. नातू टाइप करून देतोय. आमच्या वेळी इतिहास म्हणजे सनावळी. पण आमचे मास्तर एक गोष्ट सांगत ती मनात राहिली. आपल्या लष्कर भागाचं नाव कुणी मुद्दाम ठेवलेलं नाही. दौलतरावांची छावणी १८१० मध्ये उज्जैनहून इथे आली, तंबू पडले ते पडलेच, तंबूंची घरं झाली. ज्या सरदाराचे लोक जिथे उतरले ती त्याची गोठ. चितनीसांची गोठ, निंबाळकरांची गोठ. अजून आपण पत्ता सांगताना छावणीचाच नकाशा सांगतो.

आणि २९ डिसेंबर १८४३. इंग्रजांशी एका दिवसात दोन लढाया हरलो, महाराजपूर आणि पनिहार. शिंद्यांचे तोफखान्यातले गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, जागच्या जागी मेले, असं आजोबा सांगत. जिंकलेल्या तोफांचं इंग्रजांनी कलकत्त्याला स्मारक केलं. इथे मात्र पनिहारला बसने जाताना कुणाला सांगितलं तर आश्चर्य करतात. तुझ्यासारखी मुलं तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलली तर काही हाती लागेल, उशीर झालाच आहे.

आमच्याकडेही एक कागद आहे. महादजी शिंद्यांनी आमच्या पूर्वजांना जमीन दिली त्याची सनद, असं वडील सांगत. देवघरात असतो, दसऱ्याला त्याची पूजा होते. वाचशील का?

गोठवाली

नाना, नमस्कार करते. नक्की वाचेन. नातवाला सांगा कागद ताणू नका, घडी आपोआप उलगडेल तेवढीच उलगडा. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, वरून सरळ फोटो. मागची बाजूही. लॅमिनेशन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी करू नका.

पनिहारचं मनावर घेतलं. आमच्या अभ्यासक्रमात प्रकल्प किंवा सामुदायिक काम असतंच, बहुतेक मुलं ते दुकानातून छापून आणतात. त्याऐवजी दोघी-तिघींनी पनिहारला जायचं, हे या वर्षीच्या मुलींशी बोलते.

थाटीपूरची मुलगी

ताई, मी तीच मुलगी जिच्यासाठी आई विचारतेय. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मला इंग्रजी फारसं येत नाही, अडेल का? दोन, काल फूलबागला बलिदान मेळ्याला गेले होते. राणी लक्ष्मीबाईंची पुण्यतिथी काही जण १७ जून सांगतात, काही १८. शाळेच्या पुस्तकात एक आणि मोबाइलवर दुसरी. खरी कुठली?

गोठवाली

इंग्रजी अडेल, खोटं नाही सांगत. पहिल्या वर्षी कमी, पुढे जास्त. रोज एक पान, शब्दकोश जवळ घेऊन. मी तसंच केलं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक अख्खं पुस्तक वाचलं तेव्हा पेढे वाटले होते.

तारखेचं उत्तर मी देणार नाही, तूच शोध, बीएचं पहिलं काम समज. एक वही घे, मधे रेघ मार. डावीकडे १७, उजवीकडे १८. जे जे सापडेल ते लिही आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी: हे कोणी लिहिलं, तो माणूस तेव्हा कुठे होता, आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं. राणीच्या शेवटच्या लढाईत, कोटा-की-सरायला, लढणाऱ्या इंग्रज फौजेतल्या माणसाचं पत्र आणि पन्नास वर्षांनी लिहिलेलं चरित्र यांचं वजन सारखं नाही. मग ते पत्र शत्रूचं आहे, म्हणून त्याने काय लपवलं असेल तेही विचार.

आणि एक पुस्तक तू मुळातून वाचू शकतेस, वर्गातलं दुसरं कुणी नाही: वरसईच्या गोडसे भटजींचं "माझा प्रवास". बायजाबाई शिंद्यांनी मथुरेला यज्ञ मांडलाय, दक्षिणा मिळेल, म्हणून हा गरीब भिक्षुक कोकणातून निघाला आणि १८५७ च्या बंडात सापडला. झाशी लुटली गेली तेव्हा तो आत होता. छापून आलं ते मात्र १९०७ मध्ये. आता तूच ठरव: झाशीबद्दल त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा, आणि जिथे तो नव्हता त्या ग्वाल्हेरच्या लढाईबद्दल किती?

थाटीपूरची मुलगी

वही घेतली. आठ नोंदी झाल्या. एकाच पुस्तकात दोन पानांवर दोन तारखा सापडल्या ताई!

थाटीपूरची आई

काल रात्री एक वाजेपर्यंत जागी होती. हिचे बाबा दारात उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत. आज सकाळी स्वतःच म्हणाले, फॉर्ममध्ये इतिहास भर. पहिली पसंती इथलीच टाकली आहे.

वर्ग दोन

अभिनंदन काकू. यादीत नाव आलं की शुल्क मुदतीत भरा, नाहीतर जागा जाते आणि सीएलसीच्या, म्हणजे कॉलेज पातळीवरच्या, फेरीपर्यंत थांबावं लागतं. टीसी आणि समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख क्रमांक) आत्ताच काढून ठेवा.

नाना

नातवाने फोटो टाकले आहेत. पाठीमागे काही नाही. वाच आणि जे असेल ते सांग.

गोठवाली

नाना, तीन दिवस लागले. एक शब्द अडला तो पुण्याच्या ताईंना दाखवला. आधी मनाची तयारी करा, ही सनद नाही. वर "श्री" आहे, मग तारीख: "छ ५ रजब, सु॥ इसन्ने अशरीन मयातैन व अलफ". सुहूर १२२२, महिना रजब, म्हणजे मार्च १८२२ ची अखेर. महादजी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले, तेव्हा हा त्यांचा कागद असू शकत नाही. शिक्का नाही, जमिनीचा उल्लेख नाही. ही मजुरीची पावती आहे. मजकूर असा: गोठीतील घराची मागील भिंत पावसाने पडली होती ती बांधून घेतली, दगड जुनाच, चुना नवा, बेलदार असामी तीन, रुपये चार पावले, म्हणजे तीन बेलदारांना चार रुपये मिळाले. खाली तुमच्या आडनावाचे एक गृहस्थ, पुढे "हस्ते खुद्द", म्हणजे स्वतःच्या हाताने.

वाईट वाटून घेऊ नका. सनद दुसरीकडे कुठे असेलही, पण हा कागद ती नाही.

नाना

वाईट नाही वाटलं. दुपारी नातवाचा हात धरून परसात गेलो. मागची भिंत अजून तीच आहे, खालचा तीन हात भाग दगडाचा, वर आमच्या वडिलांनी विटा चढवल्या. लहानपणी त्या दगडांत आम्ही गोट्या लपवायचो. कागद देवघरातच राहील. तू रविवारी ये, भिंत दाखवतो. त्या थाटीपूरच्या मुलीलाही घेऊन ये, मोजायला टेप आण.